आबांना लागणारी जागा

नवा गेम कन्सोल घरात आला आणि पहिलाच गेम उतरवताना वाघचौऱ्यांची गॅलरी गेली. गेली म्हणजे पडली-बिडली नाही. गेम सत्तर टक्के उतरला तेव्हा गॅलरीतला कूलर आपणहून हॉलमध्ये सरकला. शंभर टक्के झाले तेव्हा गॅलरीच्या दाराच्या जागी भिंत होती, व्यवस्थित रंग दिलेली, आणि तिच्यावर कॅलेंडरसाठी खिळाही होता.

भास्कर वाघचौऱ्यानं टेप आणून मोजलं. आठ बाय साडेतीन. एवढ्या मोठ्या गेमला एवढी जागा लागणारच, असं तो बायकोला, वैजयंताला म्हणाला. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचं गोदाम तो बावीस वर्षं सांभाळत होता. जागा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो चहाला आलेल्या पाहुण्यालाही ऐकवत असे. त्याच्या गोदामात एकच कायदा होता. जे पोतं जास्त दिवस हललं नाही, ते आधी बाहेर. तिथं वशिला चालत नसे.

कन्सोल समीक्षासाठी आणला होता. पोरगी पंधरा वर्षांची, शाळेतून आली की दप्तर टाकून मैत्रिणींबरोबर खेळायला बसायची. दुसऱ्या गेमला हॉलचा निम्मा भाग गेला आणि सोफ्यावर एकच माणूस बसेल एवढी जागा उरली. तिसऱ्या गेमच्या वेळी पडद्यावर अक्षरं आली. जागा अपुरी आहे. काय काढू?

खाली घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी होती. प्रत्येकीसमोर तिचा आकार आणि शेवटचा वापर कधी झाला ते लिहिलेलं. यादी नावानं लावू, आकारानं लावू की वापरानं, असंही यंत्रानं विचारलं. भास्करनं पोरीच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि वापरानं लावायला सांगितलं, जुनं सगळ्यात वर. यंत्राला गोदामाची रीत कळते म्हणून त्याला फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी पितळी घंगाळ गेलं. मग व्यायामाची सायकल, लग्नाचा अल्बम आणि वैजयंताची शिलाई मशीन. मशीन गेल्यावर वैजयंता थोडा वेळ त्या रिकाम्या कोपऱ्यात उभी राहिली. अकरा महिने तू तिला हात लावला नाहीस, असं भास्करनं तिला दाखवून दिलं. शिवाय यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंच होतं की काढलेली वस्तू कधीही पुन्हा उतरवता येईल. तिनं विचारलं, मग ती आता आहे कुठं? मोठ्या गोदामात, असं तो म्हणाला. त्याला माहीत नव्हतं, पण नवऱ्यांना अशा वेळी उत्तर द्यावंच लागतं.

पुढच्या आठवड्यात समीक्षानं चौथा गेम लावला. तो चौसष्ट टक्क्यांवर अडला आणि यादी पुन्हा पडद्यावर आली. बिनवापराच्या वस्तू आधीच्या फेरीतच संपल्या होत्या. सगळ्यात वर लिहिलं होतं: आबा. शेवटचा वापर, एकोणीस दिवसांपूर्वी.

आबा म्हणजे भास्करचे वडील. वय ब्याऐंशी. आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून खाटेवर बसलेले असायचे. भास्करला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. तो रोज संध्याकाळी दारातून डोकावून 'आबा, जेवलात का?' असं विचारत होता. दुसऱ्या दिवशीही त्यानं विचारलं आणि लगेच येऊन पडदा बघितला. वीस दिवस झाले होते. वैजयंता दोन वेळचं ताट देत होती, गोळ्या देत होती. तेही यंत्र धरत नव्हतं.

मग त्याला आठवलं. वीस दिवसांपूर्वी मोरीतला नळ गळत होता. आबांनी खाटेवरूनच सांगितलं होतं की आट्यावर सुताचे चार वेढे दे, आणि गळती थांबली होती. म्हणजे आबांचा उपयोग झाला पाहिजे. भास्कर खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसला आणि यंदा पाऊसपाणी कसं राहील, असं विचारलं.

"मोबाईलमधी बघ की," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकवीस दिवस दिसले. नुसतं हलवायचं म्हणून हलवलेलं पोतं हललं असं धरायचं नाही, हा नियम गोदामात भास्करनंच घातला होता.

तोवर आतली खोली लहान होत चालली होती. गेम अडला असला तरी जागा घेणं त्यानं सोडलं नव्हतं. आता खोलीत खाटही पुरती मावत नव्हती आणि आडवे झाले की आबांचे पाय दारातून बाहेर येत होते. भास्करनं समीक्षाला गेम रद्द करायला सांगितलं. तिनं बटण दाबलं. रद्द करण्यासाठी थोडी जागा लागेल, असं यंत्रानं कळवलं. काय काढू?

फ्रिज काढा, असं वैजयंता म्हणाली. माझी कपाटं काढा, भांडी काढा, मी मातीच्या चुलीवर करीन. भास्करला ते पटत होतं, आणि तरी पटत नव्हतं. एकदा यादी डावलली की पुढं यादीला काही अर्थ राहत नाही, हे त्यानं गोदामात पाहिलं होतं. एक पोतं मधून ओढलं की अख्खी थप्पी अंगावर येते. आणि पुन्हा उतरवता येतं, असं लिहिलेलं होतंच. रविवारी सुट्टी होती. रविवारी आबांना परत आणू, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. ही त्याची चूक होती आणि ती त्यानं पूर्ण शुद्धीत केली.

आबांनी धुतलेलं धोतर मागून घेतलं, टोपी घातली आणि खाटेच्या कडेला बसले. मी काही रोज लागणारी वस्तू न्हाई, असं ते सुनेला समजावणीच्या सुरात म्हणाले. समीक्षाच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. तिनं कानातले हेडफोन काढले नव्हते. मग त्यांनी भास्करकडे पाहिलं.

"जातो," आबा म्हणाले.

"जातो म्हणू नये, आबा. येतो म्हणा."

"येतो म्हणायला जागा लागती, भास्करा."

भास्करनं बटण दाबलं. खाटेवरची चादर जराशी सपाट झाली.

जागा मिळताच चौथा गेम रद्द होण्याऐवजी पूर्ण उतरला. समीक्षा खेळली. खोली दोन हात रुंद झाली आणि खिडकीतून ऊन आत आलं. भास्कर तिथं जाऊन बसला आणि त्याला तिथं बसवेना.  पुढचे चार दिवस गोदामात गेला की पोत्यांच्या थप्प्या बघून त्याला शरम वाटायची.

रविवारी सकाळीच त्यानं आंघोळ करून कंट्रोलर हातात घेतला. आबांचं नाव सापडलं. समोर लागणारी जागा लिहिली होती. ती सबंध घरापेक्षा जास्त होती. त्याला वाटलं, यंत्राची काहीतरी गफलत झाली. जो माणूस सहा बाय तीनच्या खाटेवर मावत होता, त्याला एवढी जागा कशाला?

"पप्पा, काढताना इथं जेवढे होते तेवढेच गेले," समीक्षा म्हणाली. "उतरवताना सगळे उतरतात."

हे ती गणितातली पायरी सांगावी तशी म्हणाली आणि मग तिचं तिलाच रडू आलं. चारही गेम तिनं स्वतः काढून टाकले. गॅलरी परत आली, हॉल परत आला. तेवढ्यानं भागत नव्हतं. भास्करनं गॅलरी पुन्हा दिली, हॉल दिला. फ्रिज, कपाटं, गाद्या, देव्हारा दिला. संडास आणि मोरी दिली. यादी आता वरून वाचायची नव्हती, दिसेल ते द्यायचं होतं. स्वयंपाकघराची वेळ आली तेव्हा वैजयंतानं समीक्षाचं दप्तर खांद्याला लावलं.

ती परतूरला भावाकडे निघाली होती. भास्करनं तिला थांबवायचा प्रयत्न केला. आबा आले की सगळं पुन्हा उतरवू, एकेक करून, असं तो म्हणाला. तिचा आवाज चढला नाही.

"त्या यादीत माझं नाव कितव्या नंबरला होतं, ते मी बघितलंय," ती म्हणाली. "तुम्ही बी बघितलंय."

त्यानं बघितलं होतं. आबांच्या खालोखाल होतं. रोजचा स्वयंपाक यंत्र तिच्या नावावर धरत नव्हतं, स्वयंपाकघराच्या नावावर धरत होतं. यादी बघितली त्या रात्री तिला एक शब्द तरी बोलायला हवा होता, हे त्याला कळलं होतं, पण नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं धरत नाहीत हेही त्याला माहीत होतं. त्या दोघी जिना उतरून गेल्या. त्यांची पावलं खालच्या पायरीवरून रस्त्यावर गेल्याचं ऐकू आल्यावर भास्करनं स्वयंपाकघर दिलं, आणि मग जिना दिला.

आता तो मावेल एवढी जागा उरली होती आणि मांडीवर कन्सोल होता. पाठ एका भिंतीला आणि गुडघे दुसऱ्या भिंतीला टेकत होते. पडदा नाकासमोर वीतभर अंतरावर होता. त्यावर लिहून आलं की जागा पुरेशी आहे. आबा उतरत आहेत. उरलेला वेळ: ब्याऐंशी वर्षं.

भास्कर वाट बघत बसला. शून्य टक्के बराच काळ शून्यच राहिलं. बाहेर ऊन किती आणि दिवस कोणता हे कळायला खिडकी नव्हती. त्याची दाढी छातीपर्यंत आली. वैजयंता आणि समीक्षा परतूरला जेवत असतील, अशी कल्पना करून तो वेळ काढायचा. मधूनच त्याला रडू फुटायचं आणि हात वर नेऊन डोळे पुसायलाही जागा नसल्यामुळे ते तसंच गळून जायचं.

मग एक टक्का झाला आणि त्याच्या मांडीवर काहीतरी ऊबदार वजन पडलं. कन्सोल घसरून कमरेशी अडकला. नऊ-दहा महिन्यांचं मूल होतं. काळंसावळं, कपाळ रुंद, डाव्या भुवईत आबांचा तो जन्माचा तीळ. आबा सुरुवातीपासून उतरत होते.

मुलानं भास्करकडे नीट पाहून घेतलं. त्याच्या दाढीला हात लावला. मग ते तोंड वासून रडू लागलं, कारण त्याला भूक लागली होती. भास्करनं त्याला छातीशी धरलं, जोजवलं, गप हो बाळा असं म्हणाला. वडिलांना बाळा म्हणताना त्याची जीभ अडखळली. पोर गप होईना. दूध हवं होतं.

त्यानं अवघडून कंट्रोलर उचलला आणि स्वयंपाकघर शोधलं. सापडलं. उतरवा म्हटलं. जागा अपुरी आहे, असं यंत्रानं सांगितलं. काय काढू?

यादीत दोन नावं होती. आबा, एक टक्का, शेवटचा वापर आत्ता. भास्कर, शेवटचा वापर माहीत नाही. खाली लिहिलं होतं की उत्तर लवकर द्यावं, दोन टक्क्यांसाठीही जागा लागणार आहे.

पोर रडून रडून दमलं होतं. भास्करचा अंगठा बटणाकडे गेला, आणि मुलानं तो वाटेतच मुठीत धरला, तोंडात घातला आणि चोखायला लागलं.