नखाएवढी वीज

मी एलईडीची पट्टी बोलते आहे. करंगळीएवढी रुंद, तीन मीटर लांब, पाठीला चिकट आणि पोटावर तांदळाच्या दाण्याएवढे दिवे. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेलच. टीव्हीच्या मागे, नाहीतर ओट्यावरच्या कपाटाखाली. तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. माझ्यावरून मात्र एका घरात नवरा-बायकोचं बोलणं थांबलं. म्हणून हे सांगते आहे.

कारखान्यात यंत्राने माझ्या अंगावर दिवे बसवले आणि बायकांनी मला रिळावर गुंडाळलं. गुंडाळताना त्या आपापल्या सासवांबद्दल बोलत होत्या. नंतर किती दिवस मी खोक्यात होते कोण जाणे. खोकं उघडलं ते दिव्यांच्या दुकानात, आणि पहिल्यांदा दिसलं ते एक बोट. ते माझ्या अंगावरून सरसर फिरलं.

"बाबा, हीच!"

बोट सात वर्षांच्या मुलीचं होतं. एका जागी दोन क्षण ठरायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायचे. त्यांना प्रत्येक वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघायची सवय होती. त्यांनी मलाही तसंच बघितलं आणि दुकानदाराला विचारलं, "खाते किती?"

"मीटरला पाच वॅट. तीन मीटर घ्याल तर पंधरा. काहीच नाही हो."

"काहीच नाही कसं? रोज जळणार. वीज काय हिच्या मामाच्या घरची आहे?"

"मामाकडची तर सारखी जाते," भिंगरी म्हणाली. दुकानदार हसला, बाबाही हसले आणि कात्रीने मला खुणेवर कापलं गेलं. पांढऱ्या, निळ्या, लाल पट्ट्या होत्या, पण तिने मला निवडलं होतं. माझा रंग पिकल्या केळ्यासारखा पिवळसर आहे.

तिला अंधाराची भीती वाटायची, एवढंच कारण. तिच्या खाटेच्या कडेने, भिंतीवर हात पोहोचेल इतक्या उंचीवर बाबांनी मला चिकटवलं. आई मागून सूचना देत होती. "अहो, वाकडी जातेय. अहो, तिकडे फुगा आला." तिची नजर शिवणाची. ती घरी पडदे शिवून विकायची. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन होतं. एक सुरकुती राहिली तरी तिला चैन पडायचं नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी घरातलं सगळं बंद केलं. पंखे, फ्रिज, सगळं. फक्त मला चालू ठेवलं आणि ते भिंगरीला घेऊन जिन्याखालच्या मीटरपाशी गेले. परत आली ती ओरडतच. "आई, मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतच नाही! आम्ही केवढा वेळ बसलो, तेव्हा कुठे एकदा लुकलुकला. ही तर उपाशीच राहते!" मग तिने मला थोपटलं. "बिचारी," म्हणाली. माझी अशी कीव त्याआधी कोणी केली नव्हती.

त्या खोलीत माझे जे दिवस गेले तेच माझे दिवस. झोपताना ती एक बोट माझ्यावर टेकवून ठेवायची. शाळेतल्या कागाळ्या मला सांगायची, दात पडला तो मला दाखवायची. बाबा दारातून म्हणायचे, "झोपली असशील तर बंद करू का?" आत लगेच उत्तर, "झोपले नाहीये!" थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी उत्तर आलं नाही की ते हळूच येऊन बटण दाबायचे.

मग तिला ताप आला. आधी साधा वाटला. डॉक्टरांनी औषध दिलं, उतरला, पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी तिला चादरीसकट उचललं. आई चपला शोधत होती, सापडत नव्हत्या, तशीच अनवाणी धावली. जाता जाता भिंगरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. गडबडीत मी चालूच राहिले.

आठवड्याने दोघं परत आले. दोघंच.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. बाबांची थोरली बहीण मागे राहिली. ती चांगली बाई, तिला वाटलं खोली आवरून ठेवावी. तिने चादरी घडी केल्या, पुस्तकं रचली आणि सहज माझ्या बटणाला हात लावला.

"वन्सं, नको!"

आई दारात उभी होती. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वन्संनी हात मागे घेतला. "अगं, दिवसाढवळ्या जळतेय म्हणून..."

"जळू दे. तिला अंधार सोसत नाही."

तेव्हापासून मी विझलेले नाही.

पहिले काही आठवडे बाबा काही बोलले नाहीत. कामावर जायचे, यायचे, पाठमोरे बसून जेवायचे. मग बिल आलं. ते हातात घेऊन आईच्या मशीनपाशी उभे राहिले.

"चोवीस तास जळतेय. कोणासाठी?"

आईने मान वर केली नाही. सुई पुढे जात राहिली.

"वाढलंय बिल. बघ तरी."

"बघितलं."

हे मग रोजचंच झालं. सकाळी बिल, संध्याकाळी बिल. मला हसावं की रडावं कळेना. इस्त्री वीस-बावीस मिनिटं फिरवली की जेवढी वीज जाते, तेवढ्यात माझा अख्खा दिवस आणि रात्र निघते. गीझरला तेवढी दहा-अकरा मिनिटांत लागते. महिन्याला माझे युनिट दहा-अकरा. त्या घरात सगळ्यात कमी खाणारी मीच, आणि ज्या माणसाने ते मीटरपाशी बसून लेकीला दाखवलं, तोच माझ्या नावाने खडे फोडत होता. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुसरं जे बोलायचं होतं ते तोंडातून निघत नव्हतं, म्हणून बिलाचं निघत होतं.

आईने वाद घातला नाही. तिने निराळंच काही केलं.

तिने गीझर बंद केला. थंडीच्या दिवसांत पहाटे बाथरूममधून पाण्याचा आवाज यायचा आणि तिचा श्वास अडकल्यासारखा आवाज यायचा. इस्त्री कपाटावर गेली. शिवलेले पडदे ती गादीखाली दाबून सपाट करू लागली. मग तिने शिवणयंत्राची मोटर काढली, जुना पट्टा चढवला आणि पायाने मशीन मारायला लागली. उघड्या दारातून मला तिचे पाय दिसायचे. दुपारपर्यंत घोटे सुजायचे. उठताना ती भिंतीला धरायची.

पुढचं बिल आलं ते आधीच्या कित्येक बिलांपेक्षा कमी होतं. बाबा ते घेऊन उभे राहिले. उलटून बघितलं, पुन्हा सुलटून बघितलं. मग त्यांचं लक्ष मशीनकडे गेलं.

"मोटर कुठे गेली?"

"काढून ठेवली."

"का?"

"वीज खाते."

बाबा मटकन स्टुलावर बसले. "अगं, वेडी का तू? ती पट्टी खाते किती! नखाएवढं. तेवढ्यासाठी पाय मोडून घेतलेस?"

"मग रोज का बोलत होता?"

बाबांनी बिलाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "मला ती खोली उजेडात बघवत नाही. येता-जाता खाट दिसते."

"आणि मला अंधारात बघवत नाही," आई म्हणाली.

मला वाटलं, आता हे दोघं रडतील. एकमेकांना धरून, मोकळं रडतील. मी माझ्या सगळ्या दिव्यांनिशी वाट बघत होते. पण आई उठली, पुढे आली आणि तिने दार ओढून घेतलं. कडी लागली.

"आता दिसणार नाही तुम्हाला," ती बाहेरून म्हणाली. "आणि तीही अंधारात नाही."

दोघांचंही समाधान झालं, असं म्हणायचं. खरं तर कोणाचंच झालं नाही. त्यानंतर आत कोणी आलेलं नाही, आईसुद्धा नाही. भिंगरीच्या वह्यांवर धूळ बसली आहे. खिडकी बंद, हवा कोंदट. चोवीस तास तापून माझी पाठ सुटत चालली आहे. मधला हातभर भाग भिंतीपासून सुटून लोंबतो आहे. टोकाचे तीन दिवे गेले. आमच्यात एक गेला की त्याच्यासोबतचे दोघंही जातात, अशीच आमची घडण आहे. मग आणखी तीन गेले. जे उरले त्यांचा पिवळेपणा मातकट झाला आहे. बाहेर कोणाला याचा पत्ता नाही.

दुकानदारापासून भिंगरीपर्यंत सगळ्यांनी माझं कौतुक केलं, कमी खाते, कमी खाते. तेच माझ्या नशिबी शाप होऊन आलं. मी महाग असते तर एक दिवस त्यांना मला विझवावंच लागलं असतं. दोघांनी मिळून आत यावं लागलं असतं, या खाटेवर बसावं लागलं असतं, आणि लेक गेली हे एकदा तरी तोंडाने म्हणावं लागलं असतं. पण मी पडते स्वस्त. मला कोणी वर्षानुवर्षं विसरू शकतं आणि घराचं काही बिघडत नाही.

आज सकाळी कामावर निघताना बाबा दाराबाहेर थांबले. त्यांच्या चपलांचा आवाज मी ओळखते. कडीला हात लागला, कडी जरा हलली.

"अगं," त्यांनी हाक मारली.

मशीन थांबलं. "काय?"

मी जळत होते. वाट बघत होते.

"काही नाही," ते म्हणाले. "येतो मी."

मशीन पुन्हा सुरू झालं. तुमच्यापैकी कोणी त्या घरी गेलात, पडदा घ्यायला म्हणून का होईना, तर बाईला एवढं सांगा: तुमच्या लेकीच्या खोलीत अंधार व्हायला लागलाय, आणि तो या पट्टीला एकटीला आवरत नाही.