नवसाचा सोमवार

मी एक जुना स्नायू आहे. डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावात राहणाऱ्या बायजाच्या उजव्या मांडीत माझा मुक्काम. मित्रांनो, हसू नका. लोक डोळ्यांचं कौतुक करतात, हातांचं करतात. आमची आठवण मात्र गोळा आल्याशिवाय कोणाला होत नाही!

बायजा पोरसवदा होती तेव्हा मी घडलो. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती मिठागराच्या बांधावरून झपाझप चालायची आणि मला केवढा आनंद व्हायचा. हळदीला ती नाचली की बायका बघत राहायच्या. पुढे मिठागर गेलं, जमिनीवर इमारती उठल्या, बायजा लिफ्टने वर-खाली करू लागली. मला कोणी काम सांगेना. मी सुस्तावलो.

यंदा श्रावणाच्या तोंडावर नौपाड्यातल्या एका इस्पितळात तिच्या पोटातली गाठ काढली. भूल चढली तसा मीही विरघळत गेलो. सगळीकडे पांढरंशुभ्र मीठ, त्यावर सांडलेलं चांदणं, आणि मी अलगद तरंगतोय. तिथून परत यावंसंच वाटेना.

जाग आली तर माझं घर लुटलेलं! जखम भरायला शरीर माझ्यातलीच प्रथिनं उचलून नेत होतं. काम करताना माझ्यात एक काजळी धरते, ती पुसणारा राखणदार असतो. ग्लुटाथिओन त्याचं नाव. तोही पार रोडावला होता.

"ही अमिनो आम्लाची पावडर," डॉक्टरीणबाई बायजाच्या सुनेला म्हणाल्या. "जादू नाही हं, पण शरीरातल्या ग्लुटाथिओनला थोडा हातभार लागेल. सोबत पोटभर जेवण हवं, नाहीतर मावशी अंथरुणाला खिळतील."

ते ऐकून मला धडकी भरली. कारण बायजाने नवस बोलला होता, ऑपरेशन नीट पार पडलं तर सोळा सोमवार निर्जळी करीन म्हणून. ऑपरेशन नीट झालं, आणि ऐन माझ्या भुकेच्या वेळी तिने उपास धरले.

सून निशिगंधा पेला घेऊन उभी राहायची. "आई, पावडर तरी घ्या ना. हे जेवण थोडीच आहे?"

"देवाला शब्द दिलाय. मी नाय मोडणार."

सोमवारी मी ग्लानीत पडून असे. अशाच एका सोमवारी खुर्चीतून उठताना मी तिला सावरू शकलो नाही. ती कोसळली. मित्रांनो, मला रडू फुटलं.

तिला उठवून बसवल्यावर तिचा नवरा, पंढरी, स्वतः पेला घेऊन आला. "तुजा सोमवार मी करीन. देवाला उपास पायजे. पोट तुजा का माजा, तो बगत नाय."

"तुमी? चाय नाय भेटली तर घर डोक्यावर घेता!"

"तू पी आदी."

तिने पेला तोंडाला लावला.

मग हळूहळू, अर्धवट झोपेत असल्यासारखा, मी भरत गेलो. ती रोज भिंत धरून चालायची. सोमवारी पंढरी दिवसभर तोंड पाडून गॅलरीत बसायचा, पण पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही.

एका सोमवारी संध्याकाळी त्याची उपास सोडण्याची वेळ झाली. निशिगंधा ताट वाढायला निघाली, तर बायजा म्हणाली, "थांब, मी वाढते." उठताना तिने खुर्चीचा आधार घेतला नाही. मी थरथरलो, पण धरून राहिलो. ती उभी राहिली, चालत गेली आणि तिने पंढरीपुढे ताट ठेवलं. तो मात्र घास घ्यायचं विसरून तिच्या पायांकडेच बघत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजारातून उठत असेल, तर त्याच्या वाटचा उपास खुशाल तुम्ही करा. त्याला मात्र जेवू घाला.