आधी तू खा

आमच्या बेटावर पाहुण्याला नको नको म्हणेपर्यंत वाढतात. केंड मासा मात्र कुणी कुणाला वाढत नाही, साधं "घ्या" असंही म्हणत नाही. हा पोट फुगवणारा मासा नीट साफ झाला नाही, तर त्याचं विष माणसाला पंगतीतच आडवं करतं. म्हणून जिने रांधला तिने आधी सगळ्यांसमोर खायचा. एक सिगारेट ओढून होईपर्यंत ती धड राहिली, की बाकीच्यांनी जेवायच्या काड्या उचलायच्या. रीत काही वाईट नाही. माणसं कशी आहेत ते सांगते.

शेजारच्या फान म्हाताऱ्याची बायको हिवाळ्यात गेली. सून रुईझेन डोंगराकडची, पण सासूने तिला हाताखाली घेऊन पक्की तयार केली होती. पितरांच्या सणाला सगळं कुळ जेवायला आलं, तेव्हा केंड तिने पहिल्यांदाच एकटीने रांधला. कुळाने तो खाल्ला की स्वयंपाकघर तिचं. नाहीतर थोरली नणंद जिन्फेंग टपलेलीच होती. मी भाजी चिरायला गेले होते.

रुईझेनने तुकडा खाल्ला आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून एप्रन धरून उभी राहिली. सिगारेटी संपल्या. काड्या कुणीच उचलेना.

"शेपटीकडचा खाल्लास गं," जिन्फेंग म्हणाली. "तिथे विष नसतंच. हुशार आहेस हो!"

"मग तुम्हीच दाखवा, वन्सं. कुठला खाऊ?"

जिन्फेंगने दाखवला. रुईझेनने तोही खाल्ला. पुन्हा सिगारेटी पेटल्या, विझल्या. नवरा पेइलिन वाटीत डोकं घालून बसला होता. ती त्याच्याजवळ वाकली.

"अहो, तुम्ही तरी घ्या ना."

केंडाच्या पंगतीत उच्चारू नये तेच तिच्या तोंडून गेलं.

"आग्रह करतेय बघा!" जिन्फेंग ओरडली.

फान म्हाताऱ्याने दात कोरणं थांबवलं. "दुसऱ्याला मारायचं तर स्वतःही मरतील अशा असतात काही जणी. तुझ्या जिवाचं मला काय करायचंय? दौदौला भरव. मग आम्ही खातो."

दौदौ रुईझेनची चार वर्षांची पोर, सकाळपासून वासावर होती. धावत येऊन आ करून उभी राहिली.

मासा रुईझेनने पाणी निवळेपर्यंत धुतला होता, मी पाहिलं होतं. दोन तुकडे तिच्याच पोटात होते. तरी पोरीच्या तोंडापाशी तिचा हात थांबला. विषाची एखादी शीर आत राहिली असेल तर?

"दे ना, आई."

हात खाली आला.

"पाहिलंत?" म्हाताऱ्याला मनापासून आनंद झाला होता. "हिचाच हिच्यावर भरवसा नाही, आणि आम्ही खायचं! पुरून टाक ते. जिन्फेंग, अंडी तळ."

मला त्याच्या तोंडावर उलथनं मारावंसं वाटलं. रुईझेन पातेलं घेऊन मागे परसात आली, ते खाली ठेवून फावडं घ्यायला वळली, आणि तेवढ्यात पोरीने पातेल्यात हात घातला. गाल भरून ती म्हणाली, "मस्त झालाय गं, आई!"

रुईझेनने तिला खाली पाडलं आणि दोन बोटं तिच्या घशात घातली.

"ओक! ओक म्हणते ना!"

पोर गुदमरली, चावली, ओकली. ओठ फाटून रक्त आलं. म्हातारा अंड्याची वाटी घेऊन दारात उभा होता. चावत चावत त्याने सगळं पाहिलं.

पोरीला काही झालं नाही. ओकलेलं मांजराने चाटून पुसून खाल्लं आणि संध्याकाळी ते आणखी मागत दारात ओरडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुईझेनने पोरीपुढे पेजेचा चमचा धरला. दौदौने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आधी तू खा," ती म्हणाली.

आईने चमचा तोंडात घातला. पोर भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसली. पेज निवली तरी बघतच होती.