मेलेल्या वॉचमनचं सरबत

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, फिल्म क्लबच्या छोट्या सभागृहात, मेलेला वॉचमन पडद्यावर सरबत वाटू लागला.

चित्रपट तीस वर्षांपूर्वीचा. वर्षअखेरच्या सुट्टीत कागदी टोपी घातलेला खुनी हॉटेलातल्या लोकांना एकेक करून संपवतो. पैशांची इतकी ओढाताण की रक्त आणि सरबत एकाच पातेल्यातलं. चित्रपट आला आणि गेला. आता क्लबला तो 'सापडला' होता. चिटणिसांनी फोटोसाठी डब्यांची झाकणं काढली आणि परत लावताना दुसऱ्या-तिसऱ्या रिळांच्या झाकणांची अदलाबदल केली. रिळं झाकणांवरच्या आकड्यांप्रमाणे चालली.

एकाही रसिकाला शंका आली नाही. चर्चेत प्राध्यापक म्हणाले, "मृत्यूनंतरही सेवा! काळाची एवढी निर्भय मोडतोड कुणी केलीय?" टाळ्या पडल्या. याच रूपात नवी प्रत काढू, दिग्दर्शकांनी फक्त सही द्यावी, असं चिटणिसांनी जाहीर केलं.

पहिल्या रांगेत दिग्दर्शक मान डोलवत होते. शेजारी त्यांच्या पत्नी. चित्रपटाचं संकलन या बाईंचं.

"अहो, रिळं उलटी लागलीत. सांगा ना."

"हळू बोल. लोक उभे राहिलेत."

"चुकीसाठी?"

"तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी बोलावलंय गं. तुझं काय जातंय?"

जात होतं ते असं. दुसऱ्या रिळात वॉचमन एकटाच खुन्याचे बूट ओळखतो. तिसऱ्यात पाहुणे दहापासून उलटे आकडे मोजतात, दर आकड्याला दृश्य बदलतं आणि त्या गलक्यात त्याची किंकाळी बुडते. सबंध चित्रपटात खरोखर थरकाप उडतो तो इथेच. क्रम बदलला, की मरतो तो कुणीतरी वॉचमन.

बाई उभ्या राहिल्या. "प्राध्यापक, यात मोडतोड-बिडतोड काही नाही. तुमच्या चिटणिसांनी झाकणं बदललीत."

"वहिनी, कलाकृती कर्त्याच्या हातून सुटते तेव्हाच मोठी होते."

"सुटली का? मग मी धरते."

त्या मागे प्रोजेक्टरपाशी गेल्या आणि किंकाळीचं रीळ पिशवीत टाकून, डबा पुन्हा बंद करून दाराकडे निघाल्या.

"बाईंना कुणीतरी चहा द्या रे," चिटणीस म्हणाले. सभागृह हसलं. दिग्दर्शकही हसले.

त्यांनी सही त्याच दुपारी केली. नव्या प्रतीसाठी प्रयोगशाळेत पाच डबे पोचले आहेत. त्यांतला एक रिकामा आहे.