सरांनी सांगितलं तेवढं

महामायाची खुर्ची मंचावर दुसऱ्या रांगेत ठेवली होती. तिनं ती उचलली, पुढं आणली आणि गुरुलिंग सरांच्या खुर्चीला खेटून ठेवली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई लगबगीनं आल्या.

"ताई, तुमची जागा मागं आहे."

"मला इथून नीट दिसतंय," महामाया म्हणाली आणि बसली.

सरांनी हसून हात जोडले. तिनं मानही हलवली नाही. सोळा वर्षांत सर अंगानं सुटले होते, केसांना कलप लागला होता. करंगळीतली पोवळ्याची अंगठी मात्र तीच होती. त्याच हातानं त्यांनी तिला आणि तिच्या भावाला, विनोदला, जिना दाखवला होता.

मागच्या भिंतीवर विनोदचा वर्दीतला फोटो पुरुषभर उंच लावला होता आणि खाली पितळी अक्षरं: शहीद कॅप्टन विनोद सोनकांबळे, शौर्यचक्र, अभ्यासिका. त्याखाली बारीक अक्षरांत 'आमच्या क्लासचा विद्यार्थी' असं होतं. आल्यापासून महामायानं तो 'आमच्या' शब्द चार वेळा वाचला होता.

मंचाच्या मधोमध सरजाबाई, तिची आई, पांढऱ्या लुगड्यात बसली होती. संयोजकांनी आवर्जून आणायला सांगितलेली चक्राची पेटी तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. चार वर्षांपूर्वी कुपवाड्याच्या जंगलात विनोदनं दोन जखमी जवानांना गोळीबारातून ओढून बाहेर आणलं आणि तिसऱ्यासाठी परत आत गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. तेव्हापासून सरजाबाईला कुठून कुठून बोलावणी येत. शाळा असो, ग्रामपंचायत असो, गणपतीचं मंडळ असो, ती शिरूर अनंतपाळहून मिळेल त्या गाडीनं जायची आणि पाया पडणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायची. महामाया उदगीरच्या दवाखान्यात सिस्टर होती. ड्यूटीचं कारण सांगून ती आजवर एकाही सत्काराला गेली नव्हती. अभ्यासिकेच्या उद्घाटनाचं लातूरचं हे निमंत्रण मात्र तिनं स्वतः स्वीकारलं, रजा टाकली आणि संयोजकांकडं एकच मागणी केली: "मला पाच मिनिटं बोलायचंय. सरांच्या नंतर."

पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. दवाखान्यात चादरी ठेवायच्या खोलीत दार लावून तिनं तो इतक्या वेळा म्हटला होता की आता कागदाची गरज नव्हती. पण हात अधूनमधून पर्सकडं जात होता.

विनोद अकरावीला गुरुलिंग सरांच्या याच क्लासमध्ये होता, वर होस्टेलला राहायला. पुरते तीन आठवडेसुद्धा नाहीत. पहिल्या दिवशी कुणी काही विचारलं नव्हतं. मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मला जातीचा दाखला जोडला गेला आणि मेसमध्ये कुजबुज सुरू झाली. महामाया त्या दिवशी भाकरी-ठेचा बांधून त्याला भेटायला आली, तर त्याची ट्रंक जिन्यात आणि गादी ट्रंकेवर. सर वरच्या पायरीवर उभे होते.

"बाकीच्या पोरांचे पालक तक्रार करायलेत," ते म्हणाले होते. "मेसचं जमत न्हाई. तुमच्या लोकांसाठी सरकारी वसतिगृह हाय की."

आवाजसुद्धा चढवला नव्हता. तेच तिला जास्त लागलं होतं. ओरडले असते तर तिला ओरडता आलं असतं.

ट्रंकेची एक कडी तिनं धरली, एक विनोदनं. रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "अक्का, आईला सांगायचं न्हाई. ती इथं येईल, भांडंल, आन् मला घरी घेऊन जाईल. मला शिकायचंय."

सरजाबाईला त्यानं सांगितलं की तिथलं पाणी बाधलं. पुढं तो समाजकल्याणच्या वसतिगृहात राहिला, बारावीनंतर एनडीएत गेला, अधिकारी झाला. एकदा सुट्टीत महामायानं विषय काढला तर तो हसला. "सोड ना अक्का. त्या माणसाचं नाव बी आठवत न्हाई मला."

तिला आठवत होतं. तो गेल्यावर तर जास्तच. बातमी आल्यापासून दहाव्या दिवशी लातुरात गुरुलिंग सरांचे फलक लागले, विनोदच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो. त्या दिवशी तिनं ठरवलं होतं की या माणसाला याच्याच माणसांपुढं, याच्याच माईकवरून उघडा करायचा.

आता सर माईकपुढं उभे राहिले. समोर तीनशे मुलं-मुली, मागं पालक.

"मी आज सत्कार करायला उभा नाही," ते म्हणाले. "कबुली द्यायला उभा आहे."

महामायाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

सरांनी सगळं सांगितलं. दाखला, मेसमधल्या तक्रारी, जिन्यातली ट्रंक. 'तुमच्या लोकांसाठी' हे शब्दही त्यांनी जसेच्या तसे उच्चारले आणि तिथं थांबून चष्मा पुसला. संध्याकाळ झाली होती, म्हणाले, आणि ती दोन लेकरं ट्रंक घेऊन माझ्या दारातून निघाली. ज्यानं पुढं या देशासाठी छातीवर गोळ्या झेलल्या, त्याला मी घराबाहेर काढलं. मग कुठंतरी एक टाळी वाजली, आणि मग सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. पहिल्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. मोबाईल वर झाले होते.

महामायानं पर्समधून काढलेला कागद मुठीत चुरगळला. त्यातली एकही ओळ तिची उरली नव्हती. त्या माणसानं ती तिच्याआधी म्हटली होती, तिच्यापेक्षा चांगली म्हटली होती, आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. आता तिनं उठून बोलायचं म्हणजे फक्त 'हो, खरं आहे' म्हणायचं. ट्रंक त्यानंच बाहेर काढली होती आणि आज तिचा रागही त्यानंच काढून घेतला.

मग तिला एकदम आईची आठवण झाली. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सरजाबाई समोर बघत होती. पेटीवरची बोटं हलत नव्हती. सर तिच्याकडं वळले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तिच्या पावलांवर डोकं टेकलं.

"माय, मला माफ करा."

फोटोवाले पुढं सरकले. सूत्रसंचालक बाईंनी आशीर्वादासाठी माईक सरजाबाईच्या तोंडाशी धरला. आईचा हात आता उठणार, महामायाला पक्कं ठाऊक होतं. तो हात धरावा म्हणून ती खुर्चीतून अर्धी उठली.

"मग त्या राती कुठं होतं लेकरू?" सरजाबाईनं विचारलं.

सरांनी डोकं वर केलं. "काय म्हणालात, माय?"

"सांज झाल्ती म्हन्ता. ट्रंक घेऊन निघालं म्हन्ता. मग राती कुठं निजलं?"

तिचा आवाज मोठा नव्हता. माईकमुळं शेवटच्या रांगेपर्यंत जात होता.

"ते... मला नाही माहीत."

"दुसऱ्या दिशी कुठं गेलं?"

"नाही माहीत."

"इचारलं न्हाई कुणाला?"

"नाही विचारलं."

"मला लई येळा बोलावलं तुमी. आज फोन केला, काल केला. मला बी इचारलं न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. एका फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. सर गुडघ्यावरच होते. त्यांना उठा म्हणायला कुणी पुढं आलं नाही. सरजाबाई पेटी घेऊन उठली, त्यांना वळसा घातला आणि एकेक पायरी धरून मंचावरून उतरली. हात डोक्यावर ठेवला नव्हता.

महामाया माईकजवळ गेली. कागद उघडला नाही. खुर्चीचा आधार घेऊन उठणाऱ्या सरांकडं बघत म्हणाली, "माझ्या भावाचं नाव या भिंतीवरून उतरवा. आजच."

आणि तीही उतरली.

परतीची गाडी क्लासनंच करून दिली होती. शहर मागं पडलं, दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. महामायाच्या छातीत कितीतरी वर्षांनी मोकळं वाटत होतं. उत्तर न सुचलेला सरांचा चेहरा ती पुन्हा पुन्हा आठवत होती आणि दर वेळी तिला ते गोड लागत होतं. आईनं काहीतरी बोलावं, निदान दोन शिव्या द्याव्यात, असं तिला वाटत होतं.

सरजाबाई खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "तुला ठाव होतं."

"हाव."

"कुठं निजलं?"

"बसस्टँडवर. मी होते की संगं. भाकरी खाल्ली आमी."

"त्यानं खाल्ली का?"

"खाल्ली. दीड भाकरी खाल्ली."

सरजाबाईनं मान डोलावली. मग म्हणाली, "त्या मास्तरला ठाव नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं न्हाई. तुला तर ठाव होतं."

महामायाच्या तोंडातली चव गेली. विनोदनं शपथ घातली होती, हे तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

"आनखी काय हाय?" सरजाबाई आता तिच्याकडं वळली होती. "समद्यांला ठाव हाय आन् मला न्हाई, असं आनखी काय हाय?"

पार्थिव घेऊन आलेल्या मेजरनी दारात सरजाबाईचे हात हातात घेऊन सांगितलं होतं, गोळी लागताच गेले, माय, काही त्रास झाला नाही. महामाया सिस्टर होती. जखम कुठं आहे हे तिनं बघितलं होतं. ती त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली आणि तिनं खरं विचारलं. मेजर टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. दीड तास. दगडाआड पडून तो वायरलेसवर बोलत होता. काय काय बोलला, तेही त्यांनी सांगितलं. चार वर्षं ते शब्द तिच्याजवळ होते. कुणालाच सांगितले नव्हते.

सरजाबाई वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मघाशी मंचावर होता तोच चेहरा होता.

'काही न्हाई' म्हणून सुटता आलं असतं, पण आता ते म्हणायचं नव्हतं. महामायानं पुढं वाकून ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवला.

"दादा, गाडी जरा बाजूला घ्या."