फोटोपुरती मतपेटी

मित्रांनो, मी बेळगावातल्या वडगावच्या एका मराठी शाळेची जुनी मतपेटी आहे. मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानी फळ्यांतून गोपाळअण्णांनी मला घडवलं. त्यांच्या पत्नी यशोदाबाई त्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत.

तेव्हा लिथुआनिया देशातल्या एक शिक्षिका बेळगावात शिक्षकांशी बोलायला आल्या होत्या. त्यांच्याकडची कम्युनिस्ट राजवट नुकतीच संपली होती. त्या म्हणाल्या, "आमच्या मतपत्रिकेवर एकच नाव असायचं. तेच बरोबर, असं मुलं शाळेत पाठ करायची. आता पुस्तकं बदललीत, पण तेवढ्यानं भागत नाही. मुलांना निवडायची सवय लावावी लागते."

यशोदाबाई घरी आल्या त्या बोलतच.

"अहो, मला एक पेटी करून द्या."

"कसली गं?"

"मतं टाकायची. आमची पोरं बी धडा पाठच करत्यात की!"

शाळेच्या मंत्रिमंडळातल्या मुख्यमंत्रिपदाला पहिल्या वर्षी दोघं उभे राहिले. एक शाळेच्या संस्थेच्या चेअरमनांचा मुलगा आणि दुसरा मागावर राबणाऱ्या विणकराचा मुलगा कुमार. सगळ्यांसमोर माझं झाकण उघडलं, चिठ्ठ्या मोजल्या आणि कुमार निवडून आला. चेअरमन चिडले. यशोदाबाई हटल्या नाहीत. कुमारनं मला डोक्यावर घेऊन मैदानभर नाचवलं होतं.

पुढे वर्षानुवर्षं मी चिठ्ठ्यांनी भरत गेले. गेल्या वर्षी यशोदाबाई वारल्या. यंदा कुमार त्याच शाळेत मुख्याध्यापक होऊन आला. मला वाटलं, माझं माणूस आलं.

या वेळी चेअरमनांचा नातू केयूर उभा होता. त्याच्यासमोर सातवीतली सौम्या. तिचं मागणं एकच होतं, मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी हवी. कुमारनं तिला बोलावलं.

"सौम्या, नाव मागं घे बघू. यंदा बिनविरोध करूया. भांडाण न्हाय, तंटा न्हाय. शाळेचं नाव हुतंय."

"आणि कडी, सर?"

"बसवूया की गं, सावकाश."

"मग पेटी कशाला पुसून ठेवलीया?"

"फोटोला."

सौम्यानं नाव मागे घेतलं. बारकी पोर, काय करणार?

केयूरच्या निवडीच्या समारंभात मला हार घालायला कुमारनं गोपाळअण्णांनाच बोलावलं. अण्णांनी मला दोन्ही हातांनी उचललं, जरा हलवलं.

"कुमार, मोकळीच हाय रं ही."

"बिनविरोध झालंय, अण्णा."

"तुझ्या टायमाला बिनविरोध केलं असतं, तर तुला कोण इच्यारलं असतं?"

 कुमार फोटोवाल्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, जरा हसा."

अण्णा हसले नाहीत. हार तिथंच टेबलावर ठेवून ते मला घेऊन घरी आले. कुणी अडवलं नाही. फोटो झाला होता.

मित्रांनो, परक्यानं फसवलं असतं तर मी विसरलेही असते. ज्याला मी मोठं केलं, त्यानंच मला रिकामी ठेवलं. तुमच्या शाळेत मतपेटी असेल तर तिला हार घालू नका. तिच्यात चिठ्ठ्या टाका आणि त्या तुमच्यासमोर मोजायला लावा. कुणाला नाव मागे घ्यायला लावलं असेल, तर का लावलं ते विचारा.

काल सौम्या अण्णांकडे आली होती. मुली अजून संडासाला जोडीनंच जातात म्हणाली. एक आत, एक बाहेर दार धरून.