तोंडावर कुणाचं बोट

बाईंनी टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर लवंगीच्या वाचनाचा शेरा : पहिलीत असून तिसरीचा धडा, न अडखळता. दुसऱ्यावर तक्रार : शेजारच्या मुलीच्या बोटाला चावली. शाळा सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस आणि ही तिसरी तक्रार.

"हुशार आहे हो पोरगी," बाई मला म्हणाल्या, "पण वर्गात आणखी तीस मुलं आहेत. यंदा घरीच ठेवा. पुढच्या वर्षी बघू."

माझं इस्त्रीचं दुकान. कपडे बांधायच्या रद्दी पेपरांवरच माझी लेक वाचायला शिकली. आणखी वर्षभर तिथे बसून काय करणार, गिऱ्हाइकांच्या चुका काढणार? तेही करतेच म्हणा.

"का चावलीस गं?" मी शेजारी उभ्या लवंगीवर आवाज चढवला.

"ती बोट ओढून घेत होती."

"तिचं बोट तुझ्या तोंडाशी कशाला?"

"बाईच म्हणाल्या. हाताची घडी, तोंडावर बोट."

"अगं, स्वतःचं बोट!"

"माझे हात घडीत होते ना, बाबा. मग तिचं घेतलं." तिला माझी कीव आली असावी. "घडीतून काही बाहेर राहता कामा नये, तूच सांगतोस."

सांगतो खरा. शर्टाची बाही लोंबली की माझं डोकंच फिरतं.

बाईंनी हाताची घडी घातली. एक बोट ओठांवर नेलं, तशी घडी सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. "वीस वर्षं हेच सांगतेय मी," म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. मीही हसलो. मग त्या एकदम गंभीर झाल्या.

"तरी चावायचं नाही. कळलं नाही तर विचारायचं. तुला वाचता येतं, लिहिता येतं, विचारता तेवढं येत नाही. शिकशील?"

लवंगी टेबलावरचा तक्रारीचा कागद वाचू लागली. हो म्हण गं पोरी, मी मनातल्या मनात विनवत होतो.

"आत्ता विचारू?"

"विचार."

आता बाईंच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणार, मला वाटलं.

"तिला खूप दुखलं का?" तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"ते तिलाच विचार," बाई म्हणाल्या. "वर्गात आहे ती. जा, तिच्या शेजारी तुझ्या जागेवर बस."